चटईखालचे भोक

मी एक जुनी मोटार आहे, आणि खरे सांगायचे तर वैतागलेली मोटार आहे. मित्रांनो, जुन्या वस्तू आपली कहाणी सांगू लागल्या की त्यांच्या डोळ्यांत पाणी येते, असे तुम्ही ऐकले असेल. माझ्याही डोळ्यांत, म्हणजे दिव्यांत, पाणी आहे. पण ते दुःखाचे नाही. डाव्या दिव्याची काच उलटी बसवल्यामुळे पाऊस आत जातो, त्याचे ते आहे. ती काच कोणी उलटी बसवली हे तुम्हाला कळेलच, कारण माझ्या आयुष्यातले निम्मे वैताग त्याच माणसाच्या खात्यावर जमा आहेत.

माझा जन्म एका मोठ्या कारखान्यात झाला. सपाट पत्रे यंत्राखाली दाबून त्यांना बाक देत, मग ते एकमेकांना जोडत. माझा तळ चार तुकड्यांचा आहे. शेवटी एक बुटका कामगार आला, त्याने माझ्या चारही दारांची उघडझाप केली, तळावर दोन्ही पायांनी उभे राहून पाहिले आणि पुढच्या काचेवर खडूने ‘ठीक’ असे लिहिले. माझा रंग ओल्या पाटीसारखा करडा होता. मी दिसायला फार सुंदर नव्हते, पण मजबूत होते, आणि मला त्याचा अभिमान होता.

मला घेतले ते जनावरांच्या एका डॉक्टरांनी. त्यांचे काम वाड्यावस्त्यांवर असायचे, त्यामुळे चांगला रस्ता माझ्या वाट्याला कमीच आला. खडी, चिखल, ओढ्यातले पाणी, सगळ्यांतून मी गेले. मागच्या सीटवर कधी औषधांच्या पेट्या असत, कधी तापाने फणफणलेली शेळी असे. एकदा तर पाय मोडलेले वासरू होते, आणि त्याची आई तीन मैल माझ्या मागून हंबरत चालत आली होती. माझा आवाज ऐकला की लोक लांबूनच फाटक उघडून उभे राहत. ‘आली डॉक्टरांची गाडी,’ असे म्हणत. डॉक्टरांचे नाव आधी येई हे खरे, पण गाडी तर मीच होते.

दर रविवारी डॉक्टर मला धूत. वरून फडके मारणे पाच मिनिटांत उरके. मग ते पोते अंथरून जमिनीवर आडवे होत आणि नळीने माझा तळ धूत. त्यांच्या पत्नी म्हणत, “अहो, तिथे कोण बघणार आहे?” डॉक्टर खालूनच उत्तर देत, “मी बघतो ना.” सव्वीस वर्षांत एकही रविवार चुकला नाही, असे मी म्हणणार नाही. पण चुकला तर सोमवारी ते भरून काढत.

मग त्यांचे गुडघे गेले. खाली वाकवेना, क्लच दाबवेना. त्यांच्या मुलाने मला एका लाकडाच्या वखारीच्या मालकाला दिले. तिथे माझ्या टपावर फळ्या आल्या आणि तळ धुणे बंद झाले. दोन वर्षांनी क्लच जळला, तेव्हा चौघांनी ढकलत मला मागच्या भिंतीशी नेऊन उभे केले. वर करवतीचा भुसा उडत असे. तो माझ्यावर साचायचा, पावसात भिजायचा आणि महिनोन्‌महिने ओला राहायचा. तुमच्या अंगावर कोणी ओले घोंगडे टाकून बारा वर्षे विसरून गेले तर कसे होईल? तसे मला झाले. सीटमध्ये उंदरांनी संसार थाटला. ते निदान बोलत तरी असत.

आणि मग ग्रंथपाल आला.

त्याला सगळे ग्रंथपालच म्हणत. सरकारी ग्रंथालयात त्याने पस्तीस वर्षे काढली होती. त्यांतली सहा वर्षे फिरत्या ग्रंथालयाची गाडी चालवली होती, म्हणून त्याला गाडी चालवता येत होती. गाडी कशामुळे चालते, हे मात्र त्याने कधी पाहिले नव्हते. निवृत्त होऊन दोन महिने झाले होते. घरी पुस्तकांसाठी मांडणी करायची म्हणून तो फळ्या घ्यायला वखारीत आला, आणि फळ्या विसरून माझ्यापुढे उभा राहिला. त्याने बोटाने माझ्या बॉनेटवरचा भुसा पुसला. खालून करडा रंग निघाला. बारा वर्षांत मला कोणी हात लावला नव्हता, त्यामुळे मी त्याच्याबद्दल जरा घाईने मत बनवले.

वखारीचा मालक म्हणाला, “न्यायची तर घेऊन जा. जागा मोकळी होईल माझी.”

ट्रॅक्टरला दोरखंड बांधून मला त्याच्या घरी आणले. घरात तो आणि त्याची मोठी बहीण, दोघेच. दोघांनीही लग्न केले नव्हते. का केले नव्हते, ते मला कोणी सांगितले नाही. बहिणीला सगळी गल्ली ताई म्हणायची. पुढच्या खोलीत तिचे शिवणकाम चाले. पायाने चालवायचे काळे मशीन, भिंतीला लावलेली टेप, टोपलीत शाळेच्या गणवेशांचे कापलेले तुकडे. मागच्या अंगणात पत्र्याची शेड होती, तिथे माझी सोय झाली. ताई टेप गळ्यात तशीच ठेवून बाहेर आली आणि तिने माझ्याभोवती एक फेरी मारली.

“ही चालते?”

“चालेल.”

“चालेल का, असं नाही विचारलं. चालते का?”

“अजून नाही.”

“मोरीतला नळ आठ महिने गळतोय. आधी त्याच्यावर हात बसवला असतास.”

ग्रंथपाल हसला आणि आत जाऊन पुस्तक घेऊन आला. मोटार दुरुस्तीवरची चार पुस्तके त्याने जमवली होती. महत्त्वाच्या ओळी तो पट्टी धरून, पेन्सिलने, अगदी सरळ अधोरेखित करायचा. मला वाटले, एवढा नीटनेटका माणूस, आपले भले होणार.

पहिल्या आठवड्यात त्याने माझ्या भोंग्याची तार कापली. ती कसली आहे हे कळेना, म्हणून. मित्रांनो, मला तोंड नाही. जे काय ओरडायचे ते भोंग्यानेच, आणि तोच मुका झाला. पुढे जे झाले ते मला गप्प राहून बघावे लागले.

त्याने माझे नटबोल्ट काढून चौदा बरण्यांत भरले. प्रत्येक बरणीला ग्रंथालयात पुस्तकांना देतात तसा क्रमांक दिला. क्रमांक सुरेख अक्षरात लिहिले, पण चिकटवले झाकणांवर. मग एके दिवशी बोल्टांना तेल लावून ऊन दाखवावे म्हणून त्याने चौदाही झाकणे काढून भिंतीवर ओळीने मांडली. संध्याकाळी कोणते झाकण कोणत्या बरणीचे, हे त्याला कळेना. मला कळत होते. प्रत्येक बोल्ट माझ्याच अंगातला होता. मी तशीच उभी राहिले.

माझ्या डाव्या बाजूच्या चाकांचे नट उलटे फिरतात. माझ्या काळच्या काही गाड्यांचे तसेच असते. पुस्तकात बारीक टाइपात तळाशी ते दिलेही होते. ग्रंथपाल दोन दिवस ते नट सोडवतो आहे असे समजून घट्ट करत राहिला. पान्याला लांब पाइप लावून त्याला लोंबकळला. शेवटी बोल्ट तुटला आणि तो अंगणात पाठीवर पडला. ताईने खिडकीतून विचारले, “सुटला का?” तो म्हणाला, “सुटला.”

या उत्तरातच माझ्या पुढच्या दुर्दैवाचे मूळ होते, पण तेव्हा मला ते कळले नाही. मला वाटले, बिचारा लाजला.

असे अकरा महिने गेले. त्याने ब्रेक खोलले, तीन वेळा चुकीचे बसवले, चौथ्या वेळी बरे बसवले. कार्बोरेटर स्वयंपाकघरातल्या टेबलावर उघडला, त्यावरून दोन दिवस बोलाचाली झाल्या. नवा क्लच टाकला. हळूहळू त्याची नखे काळी व्हायला लागली, आणि एक दिवस, चाळीस वेळा खोकल्यावर, माझे इंजिन सुरू झाले. शेजारीपाजारी धावत आले. कोणी टाळ्या वाजवल्या. ग्रंथपालाचा चेहरा असा काही फुलला की मीही त्याचे सगळे गुन्हे माफ करून टाकले. सगळ्यांसमोर तो म्हणाला, “ताई, तुझ्या डोळ्यांच्या तपासणीला तीन आठवडे आहेत ना? या गाडीतून नेतो तुला.”

ताई म्हणाली, “बघू.” पण ती आत जाताना हसत होती.

दुसऱ्या दिवशी त्याने माझा तळ तपासायला घेतला. हे काम सगळ्यांत आधी करायचे असते. त्याने ते सगळ्यांत शेवटी ठेवले होते. चालकाच्या बाजूचा पत्रा ठीक होता. मग तो शेजारच्या सीटच्या पायाशी आला. जुने जाजम उचलले. खाली पत्रा तपकिरी आणि फुगलेला होता. त्याने स्क्रूड्रायव्हर टेकवून जरा दाबला, आणि तो मुठीपर्यंत आरपार गेला.

ग्रंथपालाने तो हळूच बाहेर काढला आणि खिडकीकडे पाहिले. मशीन चालू होते. कोणी पाहिले नव्हते.

त्याला काय करायचे ते माहीत नव्हते असे नाही. पुस्तकात होते, आणि ती ओळ त्यानेच अधोरेखित केली होती: गंजलेला पत्रा, चांगला पत्रा लागेपर्यंत कापून काढावा. पण कापायचे म्हणजे चांगला पत्रा कुठे लागेल कोणास ठाऊक. महिने जातील. वेल्डर लागेल, म्हणजे दुसऱ्याला विचारावे लागेल. आणि सगळ्या गल्लीसमोर तीन आठवड्यांची तारीख दिलेली. त्याने भोकात काचतंतूंच्या कापडाचा बोळा कोंबला, वरून पुट्टी भरली, घासून गुळगुळीत केली, काळा रंग दिला, आणि त्यावर नवी रबरी चटई अंथरली. दिसायला ते इतके छान झाले की तो स्वतःच दोनदा पाहून आला.

मित्रांनो, त्या तीन आठवड्यांत मी जेवढी तडफडले तेवढी वखारीतल्या बारा वर्षांत तडफडले नव्हते. पुट्टीला पकडायला चांगला पत्राच नव्हता. माझ्या चटईखाली एक झाकलेला खड्डा होता आणि तो फक्त दोघांना माहीत होता. त्यांतल्या एकीला बोलता येत नव्हते, आणि दुसरा बोलत नव्हता.

तपासणीच्या दिवशी सकाळी ताई तयार होऊन आली. नवी चप्पल घातली होती. ग्रंथपालाने तिच्यासाठी दार उघडून धरले. क्षणभर तो थांबला. मला वाटले, आता सांगेल. तो म्हणाला, “पाय जरा जपून ठेव, चटई नवी आहे.”

गल्लीच्या तोंडाशी एक सायकलवाला अचानक आडवा आला. ग्रंथपालाने ब्रेक दाबला. ताईने, कोणीही करेल तसे, स्वतःला सावरायला उजवा पाय जोरात रोवला, आणि पाय चटईसकट खाली गेला. मी फार वेगात नव्हते, आणि ब्रेक त्याने खरेच चांगले बसवले होते, म्हणून मी हातभर अंतरात थांबले. पण तेवढ्यात तिच्या घोट्याची दोन हाडे मोडली होती. ती ओरडली नाही. तिने फक्त त्याचा दंड धरला आणि म्हणाली, “थांब, हलवू नकोस गाडी.”

संध्याकाळी लोक विचारायला आले. मी शेडमध्ये होते आणि मागचे दार उघडे होते, त्यामुळे मला सगळे ऐकू आले. ग्रंथपाल सांगत होता, “जुनी गाडी. पत्रा कधी दगा देईल, काही नेम नसतो. मला कल्पनाच नव्हती हो.”

मी दगा दिला! मी, जिने सव्वीस वर्षे डॉक्टरांना एकाही ओढ्यात अडकवले नाही. त्या क्षणी मला कोणी भोंगा दिला असता तर मी सगळी गल्ली जागेवर उभी केली असती.

ताईचा पाय दहा आठवडे प्लास्टरमध्ये राहणार होता. तो गणवेशांचा हंगाम होता. मशीन पायाने चालवायचे, आणि एका पायाने ते नीट धरत नाही. पहिल्या आठवड्यात बायका विचारपूस करून गेल्या. दुसऱ्या आठवड्यापासून त्या आपापले कापड परत न्यायला येऊ लागल्या. त्यांचेही बरोबर होते, शाळा थांबणार नव्हत्या. ताई प्रत्येकीला कापड घडी करून देत होती. रोज सकाळपासून कानांवर पडणारा मशीनचा आवाज बंद झाला आणि घर अगदीच गप्प झाले. ग्रंथपाल स्वयंपाक करी, औषधे देई, कपडे धुई. शेडकडे फिरकत नसे.

एका महिन्याने तो आला, पण एकटा नाही. त्याच्याबरोबर भंगारवाला होता. त्या माणसाने माझ्या दारावर टिचकी मारून पाहिली आणि इंजिन वेगळे काढावे लागेल, असे काहीसे तो म्हणाला. तेवढ्यात कुबड्यांचा आवाज आला. ताई मागच्या दारात उभी होती.

“कोण आलंय?”

“भंगारवाले आहेत. गाडी देऊन टाकतोय.”

“का?”

“तिच्यापायी तुझं हे असं झालं. बघवत नाही मला तिच्याकडे.”

“महिनाभर तू माझ्याकडे तरी कुठे बघतोस?” ताई म्हणाली. “ताट ठेवतोस, गोळी ठेवतोस, आणि भिंतीकडे बघून विचारतोस, दुखतंय का म्हणून.”

भंगारवाल्याने विचारले, “मी मग येऊ का?”

“थांबा,” ग्रंथपाल म्हणाला. मग त्याने चष्मा काढला, पुसला, आणि पुन्हा घातलाच नाही. “ताई, मला माहीत होतं. भोक होतं तिथे. मी स्क्रूड्रायव्हर घालून बघितलं होतं. बुजवलं, आणि वर चटई टाकली.”

“कधी?”

“तुला नेतो म्हणालो ना, त्याच्या दुसऱ्या दिवशी.”

“आणि तिथेच मला बसवलंस.”

“हो.”

भंगारवाला आपल्या बुटांकडे पाहू लागला. तिच्या कुबड्यांची टोके मातीत रुतत होती. शेवटी ती भंगारवाल्याला म्हणाली, “तुम्ही निघा, दादा. गाडी द्यायची नाहीये.” तो गेल्यावर ती भावाकडे वळली. “गाडी भंगारात गेली की तुझी सुटका झाली. माझा पाय घरातच राहणार. ती चटई काढ.”

“आत्ता?”

“आत्ता. मी कशावर बसले होते, ते बघायचंय मला.”

त्याने फाटकी चटई काढली, पुट्टीचे तुकडे उपसले. ताई दाराला धरून वाकली. तिने भोकाच्या कडेचा पत्रा दोन बोटांत धरला आणि तो तिच्या हातात पापडासारखा तुटला.

“कुजलेल्या कापडाला ठिगळ लावलंस तू. शिवण धरणार कशाला?”

“कापायला पाहिजे होतं.”

“माहीत होतं तर काप.”

तिने त्याला माफ केले का, हे मला सांगता येणार नाही. तसे शब्द तिच्या तोंडून मी कधी ऐकले नाहीत. पण दुसऱ्या दिवशी सकाळी तिने शेडच्या दारात खुर्ची टाकून घेतली आणि दुखरा पाय स्टुलावर ठेवून बसली. ग्रंथपाल गल्लीच्या टोकाला खिडक्यांच्या जाळ्या बनवणाऱ्या वेल्डरकडे गेला. अकरा महिने तो त्या दुकानावरून रोज जात होता आणि एकदाही आत शिरला नव्हता.

वेल्डर आला, त्याने खाली बॅटरी मारली आणि विचारले, “साहेब, आधी का नाही आलात?”

“वाटलं, जमेल.”

“जमतं की. पण असलं काम टिकत नाही.”

कापायला सुरुवात झाली. तळहाताएवढे भोक दुपारपर्यंत परातीएवढे झाले. संध्याकाळपर्यंत पुढचा अर्धा तळ गेला, दाराखालचा पत्रा गेला, आणि तरी चांगला पत्रा लागेना. ग्रंथपाल मांडीवर कटर ठेवून मटकन खाली बसला. “काही उरतच नाहीये,” तो म्हणाला. मला तर माझ्या पोटातून जमीन दिसत होती, तेव्हा मी त्याला काय धीर देणार? ताई म्हणाली, “अजून दोन बोटं काप. मग बघू.” दोन बोटे कापल्यावर ठिणग्यांचा रंग बदलला आणि पत्रा पांढरा लखलखला. वेल्डर म्हणाला, “इथून धरेल.”

नवीन पत्रा कोणत्या आकाराचा कापायचा, हा पुढचा पेच होता. माझा तळ सपाट नाही, त्याला चढउतार आहेत, कडेला वळण आहे. ग्रंथपालाने पट्टीने मापे घेतली आणि दोन पत्रे वाया घालवले. तिसऱ्या वेळी ताईने त्याच्याकडून वर्तमानपत्र मागून घेतले. खुर्चीतून माझ्या दारात सरकून बसली, कागद भोकावर दाबला, नखाने कडा उमटवल्या, चढावर चुणी घेतली आणि कात्री चालवली. गणवेशाचा खांदा बेतावा तसा तिने माझा तळ बेतला. “सगळीकडून अर्धा इंच जास्त ठेव. शिवणीत जाईल तो.” वेल्डरने तो कागद पत्र्यावर ठेवून कापला, वाकवला, आणि तो बसला.

“ताई, अशी कटिंग मला येत नाही,” तो म्हणाला.

“पाय धड असता तर मीही इथे आले नसते,” ताई म्हणाली.

तुम्हाला वाटेल, इथून सगळे सुरळीत झाले. छे. त्याला आणखी दोन वर्षे लागली. ग्रंथपाल वेल्डिंग शिकला, पण त्याचे टाके डोंगळ्यांच्या रांगेसारखे वाकडे येत, आणि निम्मे घासून परत करावे लागत. माझ्या तारा त्याने अशा जोडल्या की वायपर लावला की आतला दिवा लागे. मागची काच बसवताना फोडली. दिव्याच्या काचेचे तर मी आधीच सांगितले. मधल्या काळात त्याने मोरीतला नळही दुरुस्त केला, तीनदा. पण एक गोष्ट बदलली होती. काही बिघडले की तो आत जाऊन सांगायचा. “ताई, काच फोडली.” “ताई, बोल्ट तुटला.” ताई म्हणायची, “बरं.” तिचा पाय जुळला, पण घोटा पूर्वीसारखा वळेना. ती डाव्या पायाने मशीन चालवायला शिकली. आवाज पूर्वीचा नव्हता, मध्येच अडखळायचा, तरी तो पुन्हा सुरू झाला.

शेवटी मला वाहन तपासणीला न्यायचे ठरले. तिथले प्रमाणपत्र मिळाल्याशिवाय मला रस्त्यावर धावता येणार नव्हते; ताईला नेले तेव्हा ग्रंथपालाने तेही घेतले नव्हते. पहिल्या वेळी हातब्रेकवरून परत पाठवले. दुसऱ्या वेळी अर्जावर एक सही कमी निघाली. तिसऱ्या वेळी ताईही बरोबर निघाली. बसण्याआधी तिने दार उघडून आपला दुखरा पाय नव्या तळावर ठेवला, सगळा भार टाकून एकदा उभी राहिली, आणि मग बसली.

रांग लांब होती. ग्रंथपाल उतरून माझ्याभोवती फिरत होता. मागच्या डाव्या चाकाशी त्याला मी जरा बसल्यासारखी वाटले असेन. तो वाकला, आणि जिथे स्प्रिंग माझ्या अंगाला जोडलेली आहे तिथे त्याने बोट फिरवले. रंगाच्या पापुद्र्याबरोबर तपकिरी खपली त्याच्या बोटावर आली. त्याने ती चोळून पाहिली. मग सरळ उभा राहिला, आणि तेवढ्यात आमचा नंबर आला.

तपासणी अधिकारी बाई कडक होत्या. त्यांच्या हातात छोटी हातोडी होती. माझ्याखालच्या तपासणीच्या खड्ड्यात उतरून त्यांनी माझा तळ टकटक वाजवत तपासला. नव्या तळावर हातोडी खणखणीत वाजली. त्या वर आल्या आणि म्हणाल्या, “तळ कोणी केला? छान आहे.” मला सतरा वर्षांनी कोणी छान म्हणत होते. त्यांनी फॉर्म बॉनेटवर ठेवला, पेन उघडले. स्प्रिंगच्या जोडाशी त्यांची हातोडी पोहोचली नव्हती, तिथे सायलेन्सर आडवा येतो.

ग्रंथपाल म्हणाला, “मॅडम, एक जागा राहिली.”

मित्रांनो, खोटे कशाला बोलू, मला त्याचा भयंकर राग आला. एक सही! एका सहीवर मी पुन्हा रस्त्यावर आले असते. तीन वर्षे मी याच्या हातून छळ सोसला, आणि ऐन वेळी याला कंठ फुटला.

बाईंनी पुन्हा खाली उतरून पाहिले. दोनदा ठोकले. आवाज बोदा आला. वर येऊन त्यांनी पेनाला टोपण लावले. “हे करून आणा. हा जोड वेगात सुटला असता तर गाडी उलटली असती.” मग त्याच्याकडे जरा निरखून पाहत म्हणाल्या, “मला दिसलं नव्हतं ते.”

“हो,” ग्रंथपाल म्हणाला.

बाहेर आल्यावर त्याने ताईच्या बाजूचे दार उघडले आणि म्हणाला, “उतर. तू बसने जा. मी हिला हळूहळू आणतो.”

“किती हळू?”

“माणसाच्या चालीने.”

“मग मी चालतेच शेजारून,” ताई म्हणाली. “चाक वाकडं व्हायला लागलं तर सांगेन तुला.”

तिथून घर दीड मैल आहे. तो दीड मैल मी पहिल्या गियरमध्ये, रस्त्याच्या कडेने आले. मागून मोटारी, ट्रक, सायकली, सगळे आम्हाला ओलांडून गेले, आणि ज्यांना भोंगे होते त्यांनी ते मनसोक्त वाजवले. माझ्या मागच्या डाव्या चाकाशेजारी ताई चालत होती, जरा लंगडत, एक हात माझ्या पाठीवर ठेवून. ती थांबली की ग्रंथपाल थांबायचा. ऊन बरेच होते. एका पुलापाशी ती म्हणाली, “ठीक आहे अजून.” त्याने आतून मान हलवली. वैताग तर मला आलाच होता, पण त्या दिवसाइतकी बिनघोर मी डॉक्टरांनंतर कधीच चालले नव्हते.

सध्या मी पुन्हा शेडमध्ये ठोकळ्यांवर उभी आहे. मागचे चाक काढले आहे आणि वेल्डर उद्या येणार आहे. मी रस्त्यावर कधी येईन, ते मला माहीत नाही.

मित्रांनो, तुमच्या घरीही कुठली सायकल असेल, शिडी असेल, आजोबांची खुर्ची असेल. तिला वरून पुसता तेव्हा एकदा वाकून खालूनही बघत जा. आणि भोक सापडले तर, तुम्हाला हात जोडते, आधी घरातल्या कोणालातरी हाक मारून ते दाखवा. आम्हा वस्तूंना ते कधीपासून माहीत असते. आम्हाला फक्त ते सांगता येत नाही.